ताईच्या अंजिराची गुटी

आमच्या हाडांच्या दवाखान्यात सगळे त्यांना प्लास्टरमामा म्हणायचे. मोडलेलं हाड डॉक्टरांनी जागेवर बसवलं की पुढचं काम मामांचं. कापूस लावायचा, प्लास्टरची पट्टी कोमट पाण्यात बुडवायची, बुडबुडे थांबले की अलगद पिळायची आणि गुंडाळत जायचं. मी शेजारच्या खोलीत एक्स-रे काढायची. आमच्या दोन दारांच्या मध्ये एक लाकडी बाक होता, त्यावर बसून आम्ही रोज अकराचा चहा घ्यायचो. मामा बोलायला लागले तर त्या चहापुरतेच. एरवी त्यांचं बोलणं म्हणजे, "बोटं हलवा बघू. मुंग्या येताहेत? घट्ट वाटलं तर रात्रीचं सहन करत बसू नका, सरळ इकडे या."

मामांनी लग्न केलं नव्हतं. जुन्या चाळवजा इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या, मागे भिंतीने बंद केलेली जराशी मोकळी जागा, आणि घरात थोरली बहीण. आई लवकर गेलेली, त्यामुळे मामांना न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत सोडण्यापर्यंत सगळं या ताईने केलेलं. ती त्यांना म्हातारपणीही 'धाकट्या' म्हणायची. पन्नाशी उलटलेल्या, केस पिकलेल्या माणसाला कुणी 'धाकट्या, पाय पुसून ये' म्हणून दटावलं की ऐकणाऱ्याला हसू यायचं. मामा मात्र निमूट पाय पुसायचे.

ताईचं सासर एक वर्षभर टिकलं. त्याबद्दल मामा मला एकदाच बोलले. मामा तेव्हा शाळेत होते. ताईची चिठ्ठीचपाटी बंद झाली म्हणून वडील त्यांना सोबत घेऊन बसने तिच्या गावी गेले. सासूने दारातच सांगितलं, "ती झोपली आहे." वडील तिला बाजूला सारून आत शिरले. मागच्या अडगळीच्या खोलीत ताई जमिनीवर बसलेली होती, दोन्ही मनगटं कपडे वाळत घालायच्या दोरीने खिडकीच्या गजाला बांधलेली. दोनदा पळून जायला निघाली म्हणून बांधली होती. बोटं सुजून काळीनिळी पडलेली. वडिलांना गाठ सुटेना. शेवटी मामांनी दातांनी ती गाठ सोडवली.

निघताना अंगणात ताई थांबली. तिथे एक अंजिराचं झाड होतं. सुजलेल्या हातांनी तिने त्याची एक काडी मोडून घेतली आणि ओल्या फडक्यात गुंडाळून बसमध्ये मांडीवर धरून आणली. वडिलांनी विचारलं, "हे कशाला?" तर म्हणाली, "त्या घरात माझ्याशी भांडलं नाही असं एवढं एकच होतं."

ती काडी मागच्या जागेत लागली. तिचं झाड झालं. ताईने पुन्हा संसाराचं नाव काढलं नाही. घरच्या घरी लोकरीचे स्वेटर विणून द्यायची, भावाला शिकवलं, वडिलांचं शेवटचं केलं. आणि दर वर्षी मामांच्या डब्यातून आमच्या बाकावर पिकलेली अंजिरं यायची. जांभळी, देठाशी जराशी चिरलेली, मधासारखी. मला वर्षानुवर्षं ती अंजिरंच ठाऊक होती. ज्या हातांनी ती तोडली त्यांची गोष्ट फार उशिरा कळली.

मग ताई विसरायला लागली.

आधी चष्मा, किल्ल्या, गॅसवरचं दूध. त्यात काय, सगळेच विसरतात. मग स्वेटरला तिसरी बाही विणून ठेवली. मामांनी ती गंमत म्हणून मला सांगितली, पण त्याच आठवड्यात ताईला मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं, डोक्याचे फोटो काढले आणि सांगितलं की हे वाढत जाणार, गोळ्यांनी थोडं रेटता येईल, मागे नेता येणार नाही. वर्षभरात ती घराबाहेर पडून हरवायला लागली. एकदा मोठ्या रस्त्याच्या मधोमध, दोन्ही बाजूंनी गाड्या कर्कश हॉर्न वाजवताहेत आणि ही पदर खोचून उभी. ट्रकवाल्याने उतरून हाताला धरून कडेला आणली म्हणून वाचली.

मामांनी दिवसभरासाठी बाई ठेवली. ताईने तिला चोर ठरवून मोरीत कोंडलं आणि बाहेरून कडी लावली. दुसरी आली, तिच्या दंडाला चावली. तिसरी कुणी मिळाली नाही. कुलूप लावून जावं तर ताई दारावर डोकं आपटून घ्यायची.

त्याच सुमारास झाडाने मान टाकली. इमारतीच्या मागून जाणारा सांडपाण्याचा नळ जमिनीखाली फुटला होता, आणि साबणाचं, मोरीचं घाण पाणी दिवसरात्र अंजिराच्या बुडाशी मुरत होतं. घरमालक म्हणाला, करू दुरुस्त. पानं पिवळी होऊन गळायला लागली. फळं सुपारीएवढी झाली की पडायची. एका सकाळी मामांनी बुंध्याला हात लावला तर साल ओल्या पुठ्ठ्यासारखी हातात आली, आणि खालून कुजका वास.

ताई खिडकीतून झाडाकडे बघत बसायची. बाकी सगळं विसरली तरी त्याची चौकशी तिने सोडली नव्हती. "त्याने आज खाल्लं का रे?" असं विचारायची. मामा म्हणायचे, "खाल्लं."

त्यांनी काड्या तोडून कुंड्यांत खोचल्या. सगळ्या सुकल्या. मग सुट्टीच्या दिवशी ते रोपवाटिकेतल्या माळ्याला घरी घेऊन आले. माळ्याने बुडाशी जरा उकरलं, वास घेतला आणि माती हातावरून झटकली.

"मुळं गेली. हे आता नाही जगत."

"पण वर पानं आहेत अजून."

"खोडात साठवलेलं आहे त्यावर आहेत. ते संपलं की संपलं. काड्यांत म्हणूनच दम नव्हता, तोडल्या की गेल्या." माळ्याने वरच्या फांद्यांकडे पाहिलं. "गुटी बांधून बघा. फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फोडायची. आली तर आली. मी शब्द देत नाही."

कशी बांधायची ते त्याने एका फांदीवर करून दाखवलं. बाकीच्या मामांनी बांधल्या. अंगठ्याएवढी जाड, निरोगी फांदी निवडायची. कोंब फुटतो त्या डोळ्याच्या खाली दोन बोटं रुंदीची साल गोल कापून बांगडीसारखी काढून टाकायची. आतला बुळबुळीत थर पात्याने खरवडायचा, नाहीतर साल पुन्हा जुळते आणि मुळं फुटत नाहीत. त्यावर मुळं फुटायची पावडर, मग भिजवून पिळलेल्या शेवाळाचा मुठीएवढा गोळा, वरून प्लास्टिकचा कागद आणि दोन्ही टोकांना सुतळी, आतली ओल बाहेर जाणार नाही अशी घट्ट. हे असलं काम मामांच्या हातचंच. चार गुट्या हात पोचेल अशा उंचीवर होत्या, पाचवी शेंड्याकडे, स्टुलावर चढून बांधलेली. चिकाने मामांच्या बोटांना आठवडाभर खाज सुटली होती. बाकावर हात चोळत मला म्हणाले, "बघू. खालून काही मिळत नसेल तर वरूनच काहीतरी करायला पाहिजे ना."

त्या दिवसांत ते दवाखान्यातल्या धुवून आलेल्या जुन्या पट्ट्या घरी न्यायला लागले. मला वाटलं, गुट्यांना वरून बांधायला नेत असतील.

त्या पट्ट्या ताईसाठी होत्या. सकाळी तिला चार घास भरवून, हात असलेल्या खुर्चीत खिडकीशी बसवून मामा तिला बांधायचे. आधी नुसती कमरेला. ती तिने सोडवली, मग मनगटांनाही. खाली कापसाची जाड घडी, वर रुंद पट्टी, वळ उठणार नाही, रक्त अडणार नाही अशी. बांधून झाल्यावर तिची नखं दाबून बघायचे, गुलाबी होतात ना. मग ड्यूटीवर यायचे आणि दिवसभर अनोळखी माणसांना विचारायचे, घट्ट वाटतंय का.

वरच्या मजल्यावर शिवणकाम करणारी एक बाई राहायची. तिच्याकडे किल्ली दिलेली. दुपारी ती खाली येऊन ताईला पाणी पाजायची, मोरीत नेऊन आणायची आणि परत बांधायची. याबद्दल ती मामांशी कधी बोलली नाही आणि मामाही तिच्याशी बोलले नाहीत.

हवा दमट होती, ते गुट्यांना मानवलं. दीड-दोन महिन्यांनी प्लास्टिकच्या आत पांढरी दोऱ्यासारखी मुळं दिसायला लागली. त्या दिवशी मामा चहाला चक्क हसत आले. "आली! पाचांतल्या चारांना तरी आली. वरचीचं खालून दिसत नाही." आणखी थोडी दाट होऊ द्या, मग खाली कापून कुंडीत लावा, असं माळ्याने बजावलं होतं. मामांनी कुंड्या आणून, माती भरून तयार ठेवल्या.

पुढच्याच आठवड्यात एक दिवस डॉक्टर परगावी होते, म्हणून मामा दुपारीच घरी गेले. दाराला नुसती कडी. खुर्ची रिकामी. पट्ट्या जमिनीवर. मामा रस्त्याकडे धावणार तेवढ्यात मागून ताईचा आवाज आला. ती कुणाला तरी समजावत होती, "झालं हं, झालं. एवढंच राहिलं."

ती झाडाशी उभी होती. खालच्या तीन गुट्या तिने सोडल्या होत्या आणि चौथीची सुतळी दातांत धरली होती. प्लास्टिकचे कागद नीट घड्या घालून भिंतीवर ठेवलेले. शेवाळ ओरबाडून खाली टाकलेलं आणि त्यात गुंतून आलेली पांढरी मुळं उन्हात पडलेली. तिचे ओठ आणि बोटं चिकाने लाल होऊन सुजायला लागली होती.

"ताई!"

ती दचकली नाही. सुतळी सोडवली, चौथ्या गुटीचा गोळा उकलला आणि उघड्या पडलेल्या फांदीवरून अंगठा फिरवला. साल काढलेला तो पट्टा कोरडा, तपकिरी झाला होता.

"यांना कुणी बांधलं रे? बघ, कातडी गेली बिचाऱ्यांची. हात काळे पडले असते."

मामांना खोटं सुचलं नाही. "मी बांधलं, ताई."

"तू?" तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "लाज नाही वाटली तुला? थांब, बाबा आले की सांगते." मग तिचा चेहरा बदलला, तिने त्यांचा हात पकडला आणि हळू आवाजात म्हणाली, "चल धाकट्या, आधी इथून चल. ती लोकं जेवायला बसलीत तोवर निघू."

मामांनी तिला घरात नेलं. तोंड, हात धुऊन तेल लावलं. ती पिशवीत कपडे भरत होती आणि ते तिच्या मनगटांकडे बघत होते. वळ कुठेच नव्हता, इतकं काम चोख होतं.

संध्याकाळी शिवणवाली आपणहून खाली आली. उंबऱ्यातच उभी राहिली.

"मीच सोडलं होतं. दुपारी पाणी पाजलं आणि पुन्हा बांधायला गेले तर त्यांनी आपणहून दोन्ही हात पुढे केले. मला नाही बांधवलं हो मामा. तुम्हाला काय बोलायचं ते बोला."

मामा म्हणाले, "बसा. चहा करतो."

त्या दिवसानंतर त्यांनी ताईला बांधलं नाही. ही सगळी हकीकत मला कळली तीही तेव्हाच, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ते तिला सोबत घेऊन दवाखान्यात आले. आमच्या बाकावर तिला बसवलं आणि मला म्हणाले, "हिच्याकडे लक्ष ठेवाल? मी आत असलो की." मग माझ्याकडे न बघता सगळं सांगून टाकलं. मी म्हटलं, "ठेवीन." तिला बांधण्याऐवजी मोकळी सोडून रस्त्यावर मरू द्यायला हवी होती, असं थोडंच म्हणता येतं.

ते चार-पाच महिने बरे गेले म्हणायचे. मोठ्या डॉक्टरांनी दोनदा कुरकुर केली आणि मग डोळेझाक केली. ताईला मी धुतलेल्या पट्ट्यांचा ढीग द्यायची, ती त्यांच्या सुरेख घट्ट गुंडाळ्या करायची. विणकामाची बोटं ती. झाली की मी आत नेऊन उलगडायची आणि पुन्हा ढीग आणून द्यायची. ती म्हणायची, "किती कपडे निघतात गं तुमच्या घरात!"

मागे झाड उभ्या उभ्या वाळलं. सोडलेल्या चारही फांद्या गेल्या. शेंड्याची गुटी तेवढी राहिली होती, ताईचा हात पोचला नव्हता म्हणून. मामांनी ती उतरवली तेव्हा आतली मुळं तपकिरी पडायला लागलेली होती. कुंडीत लावल्यावर तिने होती ती सगळी पानं टाकली. काडीच उरली. तरी फेकून न देता मामांनी ती तशीच सावलीत ठेवली.

मग एका सकाळी मामा आंघोळीला गेले असताना ताई मागच्या दोन पायऱ्यांवरून पडली.

तो एक्स-रे मीच काढला. फिल्म उजेडासमोर धरायचीही गरज नव्हती, पाय ज्या कोनात बाहेर वळला होता त्यावरूनच कळलं होतं. मांडीच्या हाडाची मान मोडलेली. हृदय इतकं कमजोर की भूल देता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. पायाला वजन लावून निजवून ठेवायचं, दुसरा इलाज नाही. वजन लावायचं म्हणजे घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पट्टी घट्ट गुंडाळायची, दोरी कप्पीवरून खाली सोडायची.

डॉक्टर म्हणाले, "मामा, तुम्ही राहू द्या. दुसऱ्या कुणाला तरी बोलावतो."

"दुसऱ्या कुणाचा हात जड पडेल," मामा म्हणाले.

त्यांनीच बांधलं. प्रत्येक वेढ्याला सांगत होते, "ताई, मी आहे. तुझा धाकटा. पाय मोडलाय म्हणून बांधतोय. झालंच हं. बोटं हलव बघू." ती ओरडत नव्हती. ते चाललं होतं तोवर छताकडे बघत होती, ओठ घट्ट मिटून. मी खांदे धरले होते. तिचं सगळं अंग दगडासारखं ताठ झालं होतं.

त्यानंतर ती मामांशी एक शब्द बोलली नाही. ते पाणी घेऊन आले की तोंड भिंतीकडे. माझ्या हातून मात्र घोट घोट प्यायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी मी तिच्या उशाशी बसले होते. तिने खुणेने मला जवळ बोलावलं आणि कानाशी कुजबुजली, "तो माणूस गेला की मला सोडशील? ओरडणार नाही मी. माझा भाऊ निघालाय मला न्यायला. लहान आहे, त्याला गाठ सुटायची नाही."

मी म्हटलं, "येईल हं. येतोच आहे."

मान वर केली तर मामा पलंगाच्या पायथ्याशी उभे होते, हातात पेज घेऊन. त्यांनी वाटी टेबलावर ठेवली, वजनाची दोरी सरळ आहे ना ते पाहिलं आणि बाहेर गेले. प्लास्टरच्या खोलीत एक मुलगा मनगट मोडून आला होता. त्याला प्लास्टर घालताना मी दारातून पाहिलं. हात नेहमीसारखेच चालत होते.

पडून पडून छातीत कफ साचला आणि ताई गेली. शेवटच्या दिवशी ती कुणालाच ओळखत नव्हती. मामांनी तिचा हात धरला, तिने तो काढून घेतला नाही. एवढं एक त्यांना मिळालं, पण त्याचं काय करायचं ते त्यांनाही कळलं नसावं. मी एकदा म्हटलं, "शेवटी तिला कळलं असेल हो." मामा म्हणाले, "नका असं बोलू. तिला काही कळलं नाही. मला माहीत आहे."

मालकाने वाळलेलं झाड कापून, नळ एकदाचा दुरुस्त करून मागच्या जागेत सिमेंट टाकलं. कुंडीतल्या काडीला ताई गेल्यावर बऱ्याच दिवसांनी एक हिरवा डोळा फुटला. मामांनी आनंद वगैरे दाखवला नाही. घरी ऊन उरलं नव्हतं, म्हणून कुंडी दवाखान्यात आणली आणि एक्स-रेच्या खोलीमागे भिंतीलगत जमिनीत रोप लावलं. ते वाढलं, पण बेतानेच. खोड जिथून फुटलं तिथे वाकडंच राहिलं. पहिली फळं आली ती आतून कोरडी निघाली. पुढच्या वर्षी बरी होती, पण बहुतेक पाखरांनी खाल्ली. मामांनी एकही चाखलं नाही. मी दिलं तर म्हणाले, "तुम्ही खा, मला सोसत नाही." आधी सोसायची, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

आता मामा निवृत्त झाले आहेत. त्यांच्या जागी आलेला माणूस चटपटीत आहे, गाणी लावून काम करतो. मामा अजूनही दर दोन दिवसांनी काठी टेकत येतात, बादलीने झाडाला पाणी घालतात आणि दम खायला बाकावर बसतात. रांगेतल्या पेशंटना वाटतं, हेही आपल्यातलेच. परवा एका बाईंनी सरकून त्यांना जागा दिली आणि विचारलं, "काका, तुमचं काय मोडलंय?"

"काही नाही," मामा म्हणाले. "पाणी घालायला आलोय."